मागच्या ढिगातली मळी

आमच्या घराचा आवाज चुन्याच्या घाणीचा होता. जमिनीत गोल दगडी चर, त्यात उभं दगडाचं चाक, चाकाला जुंपलेला एक बैल, आणि चरात दळला जाणारा चुना. चाक एका बाजूला थोडं झिजलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक फेरीला एकदा धप असा आवाज यायचा. त्या धपेवर मी मोजायला शिकले. आई भाकरी थापायला बसली की एका भाकरीला तीन धपा लागायच्या, परवचा म्हणायला पंचवीस, आणि धाकट्या सुमीची वेणी घालायला नऊ, ती रडली तर तेरा. गेली तीस वर्षं मी एका कचेरीचं भांडार सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, किती आली, किती गेली, हे मला वहीत न बघता सांगता येतं. ही सवय कुठून लागली असं कुणी विचारलं की मी शाळेचं नाव सांगते. ते खरं नाही.

किकवीपासून थोडं आत, ओढ्याच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती होती. वस्ती गावापासून लांब, आणि घाणी वस्तीपासूनही लांब, कारण चुन्याची धूळ कुणालाच नको असते. धूळ आमच्या केसांत, अंथरुणात, हुलग्याच्या माडग्यातसुद्धा असायची. आईच्या बोटांना चुन्याने भेगा पडायच्या, आणि मिरची त्या भेगांत गेली की ती दोन्ही हात पाण्यात बुडवून गप्प बसायची. म्हणून खर्डा मी वाटायचे. सुमीला मिरची सोसायची नाही, तिच्यासाठी शेंगदाणे जास्त घालून वेगळा गोळा काढायचा. एवढ्यात जेवण व्हायचं. उणं काही वाटायचं नाही, कारण दुसरं काही पाहिलेलं नव्हतं.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सारोळ्याच्या अलीकडे हमरस्त्याला लागून एक फौंड्री होती तिथं भट्टीवर कामाला होते. घाणी आजोबांची, ती आई चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी दादा. भट्टीतून लोखंड निघतं तसा त्याच्यावर तरंगणारा कचराही निघतो, लाल, गुळाच्या पाकासारखा. त्याला मळी म्हणतात. ती जमिनीवर ओतून द्यायची, गार झाली की काळी ढेकळं व्हायची, आणि ती फोडून फाटकाजवळ ढीग लावायचा. एकदा ओतताना मळीचा लोट चुकून शेजारच्या पाण्याच्या पाटात गेला. मोठा फुस्कारा झाला, वाफ झाली, आणि पाटाच्या तळाला ढेकळं नाहीत तर पिवळसर, काचेसारखी चकाकणारी वाळू सापडली. दादांनी ती खिशातून घरी आणली. आईने ती पाण्यात विरलेल्या चुन्यात टाकून घाणीतून काढली आणि त्या गाऱ्याने चुलीचा फुटलेला ओटा लिंपला. महिन्याने ओटा उकरायला कुदळ घेतली तर कुदळीतून ठिणगी उडाली.

तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं. परवान्यासाठी भोरला कचेरीत खेटे घालायचे, आणि परवाना मिळाला तरी सिमेंट मिळेलच असं नाही. त्या काळात माझ्या वडिलांनी, ज्यांना स्वतःच्या सहीपलीकडे एक अक्षर येत नव्हतं, फेकून दिलेल्या मळीतून सिमेंटसारखं काम करणारा गारा बनवला. फोरमनला सांगून त्यांनी रोजची मळी पाटात सोडायला सुरुवात केली. फोरमनची हरकत नव्हती, ढेकळं फोडायचं काम वाचत होतं. पाटातली वाळू फौंड्रीच्या मागे साठायची. गर्दीच्या दिवशी मात्र मळी पूर्वीसारखी जमिनीवरच ओतली जायची. असे दोन ढीग झाले, फाटकाजवळ काळ्या ढेकळांचा आणि मागे पिवळ्या वाळूचा. दादा म्हणायचे, “मागली जिती, म्होरली मेली.” पुढच्या ढिगातली ढेकळं कुटून चुन्यात घालून पाहिली होती त्यांनी. साच्यातून विटेसारखा ठोकळा व्हायचा, वाळायचा, वाजायचाही, पण मधोमध फोडून पाण्यात टाकला की त्याचा चिखल व्हायचा. वरचं साल तेवढं चुन्याने धरलेलं, आत माती.

दोन वर्षं ते काय काय करून बघत होते, आणि जे जमलं ते मी वहीत लिहीत होते. शेवटी बारा ओळी झाल्या. चुना किती दिवस विरवायचा, मळी कुठली घ्यायची, एका मापाला किती मापं, घाणीच्या किती फेऱ्या, साचा कशाने पुसायचा, आणि शेवटी एकवीस दिवस ओलं गोणपाट. हे एकवीस दिवस घरात नुकती बाळंतीण असल्यासारखे जायचे. ठोकळ्यांना ऊन लागू द्यायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी. आई म्हणायची, “तुमच्या येळंला माजी कुणी एवढी सेवा केली न्हाई.” प्रत्येक ओल्या ठोकळ्याच्या टोकाला दादा अंगठा दाबायचे. मी विचारलं होतं कशाला. “उद्या फुटला तर कुणाचा हाय ते कळाय नगं?” एवढंच म्हणाले.

आता नानाबद्दल लिहिते. लोक त्याला नाना ठेकेदार म्हणायचे, मीही तोंडावर नानाच म्हणायचे, पण इथं एकेरीतच लिहिणार. हे लिखाण माझं आहे. नाना रस्त्याची, मोऱ्यांची, शाळांच्या खोल्यांची कामं घ्यायचा. वेल्ह्याच्या पुढे डोंगरातल्या एका गावाला शाळेच्या दोन खोल्या मंजूर होऊन सिमेंटवाचून अडल्या होत्या. नानाने दादांचे ठोकळे कुठंतरी पाहिले आणि बारा ठोकळे मागून नेले. साहेबांना दाखवतो म्हणाला. साहेब म्हणजे बांधकामाचे ओव्हरशियर. दादांनी निवडून बारा दिले, गवताच्या चुंबळीत गुंडाळून, अंड्यांसारखे.

पंधरा दिवसांनी किकवीच्या बाजारात नानाचा गवंडी आईला भेटला. बरा माणूस होता, फक्त कशाचंही हसू करायचा. “वैनी, तुमच्या धन्याचे अंगठे लई खोल. घासून घासून माज्या हाताची सालं निघाली.” आईला कळेना. मग त्याने सांगितलं. साहेबांकडे न्यायच्या आधी नानाने बाराही ठोकळ्यांवरचे अंगठे दगडाने घासून काढायला लावले होते. साहेबांनी ठोकळे आठवडाभर पाण्यात ठेवले, घण घातला, आणि खूश झाले. नानाने सांगितलं, ही माझ्या डोक्यातली कल्पना, गडी तेवढे माझे राबतात.

हे आम्हाला कळलेलं आहे, हे नानाला माहीत नव्हतं. तो पुढच्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी दादा घरी असताना, मोटारसायकलवर आमच्या घाणीवर आला. आईने चहा केला. आमच्याकडे एकच कपबशी होती, निळ्या काठाची, ती तिने दोनदा धुतली. नानाने कप घेतला. नको म्हणाला असता तर मी ते विसरले असते, नको म्हणणारे पुष्कळ होते. पण त्याने कप हातात घेतला, तोंडाला न लावता बोलत राहिला, कृती कागदावर लिहून दे असं दादांना म्हणाला, आणि बोलणं संपल्यावर गोणपाट उचलून तो चहा सावकाश, एका रेषेत, ओल्या ठोकळ्यांवर ओतला.

“ठोकळ्याला पानी लागतं म्हन्तोस न्हवं, धोंड्या?” तो म्हणाला आणि हसला.

आईने कप उचलला, तिसऱ्यांदा धुतला आणि फळीवर पालथा घातला. मी आठवीत होते. मी बैलाच्या शेपटीकडे बघत होते आणि चाकाच्या धपा मोजत होते. एकशे चाळीसपर्यंत मोजल्याचं आठवतं. त्या धपांत मी ठरवलं की या माणसाचं वाटोळं करायचं. कसं ते ठरलं नव्हतं.

नाना गेल्यावर आईने तोंड उघडलं. “तुमी त्याला सोन्याचं ताट करून द्या. त्यो तुमाला खरकटं बी ठिवायचा न्हाई.”

“साळा त्याची हाय का?” दादा म्हणाले. “पोरांची हाय.”

“अंगठे कुनाचे व्हते?”

दादांनी ओल्या ठोकळ्यांवर गोणपाट परत नीट पसरलं. मग मला म्हणाले, “कमल, चांगल्या अक्षरात लिही. समदं लिही, काय बी ठिवू नगंस. खाली म्या सही करतो.” त्यांना वाटत होतं, सही असली की साहेबांना आपोआप कळेल हे कुणाचं. नाना तो कागद साहेबांना कधीच दाखवणार नाही, हे मला चौदाव्या वर्षी कळत होतं आणि त्यांना चाळिशीत कळत नव्हतं.

मी लिहायला बसले. पहिली ओळ लिहिली, चुना सात दिवस विरवलेला. दुसरी ओळ होती ती अशी: मळी मागच्या ढिगातली, लाल असताना वाहत्या पाण्यात सोडून वाळू झालेली घ्यावी, पुढच्या ढिगातली ढेकळं घेऊ नयेत. ती मी लिहिली नाही. तिसरीला दुसरा आकडा घातला आणि पुढे गेले. कुठेही खाडाखोड नाही, अक्षर मोत्यासारखं. अकरा ओळी. एकही खोटी नव्हती. नाना मागे जाऊन बघणार नाही, कुणाला विचारणार नाही, फाटकाजवळ ट्रक लावून जवळचा ढीग भरणार, हे मला ठाऊक होतं, कारण अशा माणसाला जवळचं दिसलं की लांबचं दिसत नाही. विचारायचं म्हटलं तर दादांनाच विचारावं लागलं असतं, आणि दादांना तर साहेबांच्या नजरेआड ठेवायचं होतं. मी कागद दादांपुढे ठेवला. त्यांनी ओळींवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, जसा ते साच्यावरून फिरवायचे, आणि खाली सही केली. तीन अक्षरं, प्रत्येक वेगळं काढलेलं. सही करताना त्यांची जीभ बाहेर आली होती.

त्यानंतरचे दोन महिने मी फार आनंदात होते. हे लपवण्यात अर्थ नाही. ओढ्यावर धुणं धुताना, शाळेत गणित सोडवताना माझ्या डोळ्यांपुढे वेल्ह्याच्या डोंगरातली एक भिंत चढत होती. नाना दिसला की मी वाकून नमस्कार करायचे. एकदा तो म्हणाला, “पोरगी गुणाची हाय धोंड्याची.” मला इतकं हसू आलं की आईने विचारलं, काय खाल्लंस.

दिवाळीनंतर एका सकाळी नानाचा ट्रक वस्तीपाशी थांबला. ड्रायव्हर म्हणाला, धोंडिबाला बोलावलंय, ठोकळे कोपऱ्यांना झडायला लागलेत. दादांनी भट्टीवर सुट्टीचा निरोप धाडला आणि मला म्हणाले, “वही घे. काय चुकलंय ते बगू.” नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळल्यावर रस्ता असा होता की ट्रकमध्ये दात वाजायचे. दादा वाटभर विचार करत होते. चुना कमी विरला असंल. पानी कमी मारलं असंल. डोंगरातल्या वाऱ्यानं सुकलं असंल. ते स्वतःची चूक शोधत होते, आणि मी मांडीवर वही घेऊन बसले होते. मी त्या वेळी सांगू शकले असते. ट्रकमध्ये आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. मला नानाचा चेहरा बघायचा होता, म्हणून मी सांगितलं नाही.

भिंत खिडकीच्या तळापर्यंत आली होती. नानाने वाटेतच दादांना गाठायचं ठरवलं असावं, पण त्याच्या दुर्दैवाने ओव्हरशियर साहेब आधीच येऊन बसले होते, उंच, चष्म्याचे, परजिल्ह्यातले कुठले तरी. गावातली दहा-वीस माणसं होती. शाळा त्यांच्या पोरांची होती, म्हणून ती माणसं सकाळपासून उकिडवी बसून होती. दादांनी एक ठोकळा उचलला, दुसऱ्यावर वाजवला. वाजला. मग त्यांनी पहार मागितली, ठोकळा मधोमध फोडला आणि अर्धा तुकडा पाण्याच्या पिंपात सोडला. “चा घ्या तोवर,” ते म्हणाले. सगळ्यांना चहा आला. दादांना वेगळ्या पेल्यात आला. चहा संपल्यावर दादांनी कोपरापर्यंत हात पिंपात घातला आणि मूठ भरून काळा चिखल वर काढला. तो बोटांमधून खाली गळला. उकिडवी माणसं उभी राहिली.

“ही मळी कंच्या ढिगातली, नाना?” दादांनी विचारलं.

“तुज्याच फौंड्रीची. तुज्याच कागदावरनं केलंय समदं.” नानाने खिशातून घडी काढली. कागद साहेबांना दाखवायचा नाही हे तो घाईत विसरला, किंवा आता सगळं दादांवर ढकलायचं एवढंच त्याला सुचलं. “वाचा साहेब. खाली सही हाय त्याची.”

साहेब मोठ्याने वाचू लागले. दादांना ती कृती पाठ होती, त्यांचे ओठ बरोबर हलत होते. पहिली ओळ झाली. साहेबांनी पुढची वाचली आणि दादांचे ओठ थांबले.

“थांबा साहेब. येक राहिली.”

“नाही. एकच्या खाली दोनच आहे. सलग आहे.”

“मळीची वळ. मागल्या ढिगाची.”

साहेबांनी कागद उलटून पाहिला. “नाही धोंडिबा. अशी ओळच नाही. आणि सही तुमचीच आहे ना?”

“बगा,” नाना गावाकडे वळून म्हणाला, “सही करून फशिवलंय. ह्यांच्यावर भरवसा ठिवला हीच माजी चूक. ही जातच…”

“मी गाळली,” मी म्हणाले.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे बघत राहिले, कारण दादांकडे बघवेना. “दादांना वाचता येत नाही. त्यांनी सगळं लिही म्हणून सांगितलं होतं. मी दुसरी ओळ मुद्दाम गाळली.”

“का?” साहेबांनी विचारलं.

“नानांनी आमच्या आईचा चहा ठोकळ्यांवर ओतला म्हणून. आणि बारा ठोकळ्यांवरचे अंगठे घासले म्हणून.”

“कुठले बारा?”

नाना म्हणाला, पोरीचं काय ऐकता. तेवढ्यात मागून गवंडी हसला. त्याला खरंच आवरलं नसावं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दादांच्या चिखलाने भरलेल्या हाताकडे. “मी आठवडाभर पाण्यात ठेवलेले ते ठोकळे तुम्ही केले होते?”

“व्हय,” दादा म्हणाले. त्यांना ते सांगताना आनंद झाला नव्हता.

“नाना,” साहेब म्हणाले, “तुमच्या डोक्यातली कल्पना होती ना? मग तुम्ही सांगा. मळी मागची की पुढची?”

नानाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्या चेहऱ्यासाठी मी दोन महिने थांबले होते, आणि तो मला हवा होता तसाच, अगदी तंतोतंत मिळाला. भिंत त्याच दिवशी पाडली. गावातल्या माणसांनीच पाडली, पहारींनी, नानाला बाजूला उभं करून. पडताना दगडाचा आवाज आला नाही, पोतं उपडं केल्यासारखा आला. एक म्हातारी नानाच्या पायाशी थुंकली आणि म्हणाली, “माजी नातवंडं बसनार व्हती ह्याच्याखाली.” काम नानाकडून काढून घेतलं. नंतर त्या बाजूला त्याला कुणी उभं केलं नाही, आणि स्वतःच्या गावच्या शाळेच्या कमिटीवरूनही तो गेला. मरेपर्यंत लोक त्याला मागची की पुढची विचारायचे. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आज वाटत नाही. क्षमेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, शांतपणे, पहिल्या रांगेत बसून.

पण ती म्हातारी बोलली तेव्हा दादा माझ्या शेजारी उभे होते.

परतताना नसरापूरला दादांनी हातावरचा वाळलेला चिखल खरवडून काढला. मग म्हणाले, “भित्त झडली न्हसती, छप्पर चढलं असतं, तर?”

“मी सांगणारच होते.”

“कदी?”

मी नेमकेपणाने जगणारी बाई आहे. इतक्या वर्षांत अनेकदा मी तो प्रश्न कागदावर मांडून पाहिला आहे. भिंत डोक्याइतकी झाल्यावर, वासे चढल्यावर, कौलं लागल्यावर. कुठेतरी मी सांगितलंच असतं, असं मला वाटतं. कुठे, ते मात्र मला आजही लिहिता येत नाही.

शाळेचे ठोकळे मग आमच्या घाणीवर झाले, साहेबांच्या सांगण्यावरून, प्रत्येकावर अंगठा. पाणी मारायचं काम दादांनी माझ्याकडे दिलं, आणि मी एकही पाळी चुकवली नाही. ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या हिवाळ्यात ते वाचायला शिकले. सुमी तेव्हा तिसरीत होती. भट्टीवरून आले की हातपाय धुऊन तिच्यासमोर पाटी घेऊन बसायचे, आणि ती त्यांना मास्तरांसारखी दरडावायची. मी तिथंच खर्डा वाटत असायचे. एखादं अक्षर दोघांनाही अडलं तर ते उद्यावर ठेवायचे, मला विचारायचे नाहीत.

उन्हाळ्यात साहेबांचा निरोप आला की दुसऱ्या एका शाळेवर गवंड्यांना कृती लिहून हवी आहे. दादांनी मला बोलावलं. “लिही,” म्हणाले. मी लिहिल्या, बाराही ओळी, दुसरी जरा मोठ्या अक्षरात. त्यांनी कागद दारातल्या उजेडात धरला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मग बोट परत वर नेऊन ओळी मोजल्या, आणि मग सुमीला हाक मारून कागद तिच्या हातात दिला. “वाच बगू,” म्हणाले. तिने शेवटपर्यंत वाचून मान हलवली, तेव्हा त्यांनी सही केली.